डग्लस फरच्या जंगलात बुरशीची शिरगणती

मास्टर्सला कॅनडात नक्की काय केलंस असं कोणी विचारलं की मी सरळ सांगते, माती खणली, मुळं धुतली आणि उरलेला वेळ कॉम्प्युटरवर आलेखातल्या रंगीत शेंड्यांकडे बघत बसले. लोकांना वाटतं मी थट्टा करतेय. पण जंगलातली एकेक बुरशी वेगळी ओळखून तिचा नकाशा काढायचा म्हणजे साधारण एवढंच असतं, फक्त प्रत्येक पायरीत इतक्या भानगडी आहेत की त्या कुठेतरी लिहून ठेवाव्यात असं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवातीलाच प्रश्न येतो की 'एक बुरशी' म्हणजे काय. झाड मोजायचं तर खोड मोजा, हरीण मोजायचं तर डोकी मोजा, पण बुरशीला ना खोड ना डोकं. जमिनीवर दिसते ती अळंबी म्हणजे फक्त फळ, खरी बुरशी खाली, केसापेक्षा बारीक धाग्यांची, माती आणि मुळांमधून पसरलेली. आता दहा पावलांवर दोन अळंब्या दिसल्या तर त्या एकाच बुरशीच्या की शेजारी राहणाऱ्या दोन वेगळ्या बुरशींच्या, हे नुसतं बघून कोणाचा बापही सांगू शकत नाही. मी जळगावकडची, त्यामुळे मला हे केळीवरून पटकन समजलं. गड्ड्यातून मुनवे फुटत जातात, बघणाऱ्याला पाच-सहा झाडं दिसतात पण मूळ गड्डा एकच आणि सगळ्यांचा डीएनएही तोच. बुरशीतल्या अशा एका 'गड्ड्याला' जेनेट म्हणतात. दोन बीजाणूंच्या धाग्यांचा मिलाप होऊन एक बुरशी तयार झाली की तिथून पुढे ती जितकी पसरेल, मध्ये तुटली, तुकडे झाले तरीही, सगळं मिळून एक जेनेट. नकाशा काढायचा तो या जेनेट्सचा.

डीएनए स्वस्त व्हायच्या आधी हे काम लोक बशीत करायचे. दोन ठिकाणची बुरशी एका पेट्री डिशमध्ये समोरासमोर वाढवायची, एकच असली तर धागे एकमेकांत मिसळून जातात, वेगळ्या असल्या तर मध्ये स्पष्ट सीमारेषा तयार होते, जणू बांधावरून भांडण. पद्धत छान आहे पण जवळचे नातेवाईक असले की फसते, शिवाय मुळांवर राहणाऱ्या कितीतरी बुरशी बशीत वाढायलाच तयार नसतात. मग १९९२ साली अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या आर्मिलारिया नावाच्या बुरशीवरचा तो गाजलेला पेपर आला, स्मिथ, ब्रून आणि अँडरसन या तिघांचा. त्यांनी डीएनएचे मार्कर, म्हणजे डीएनएतल्या ओळखखुणा, वापरून दाखवलं की क्रिस्टल फॉल्सजवळच्या जंगलात १५ हेक्टरवर पसरलेली बुरशी ही एकच आहे, वजन अंदाजे १०,००० किलो, वय किमान १,५०० वर्षं. पुढे २०१८ मध्ये अँडरसन आणि सहकाऱ्यांनी तिथेच परत जाऊन जास्त नमुने घेतले, पूर्ण जीनोम वाचले, आणि आकडे वाढले: ३७ हेक्टर, ४०० टन, २,५०० वर्षं. बुरशी तीच, पहिल्यांदा फक्त तिच्या कडेपर्यंत कोणी पोचलंच नव्हतं. हे मला पहिल्या मीटिंगलाच सांगितलं गेलं होतं आणि तेव्हा मी मान डोलावली होती, त्याचा खरा अर्थ खूप नंतर डोक्यात शिरला.

माझं काम आर्मिलारियावर नव्हतं. ती झाडं मारणारी बुरशी. मला मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशीवर करायचं होतं, या भागीदारीला मायकोरायझा म्हणतात, बुरशी पाणी आणि खनिजं देते, झाड साखर देते. आमचं जंगल ब्रिटिश कोलंबियाच्या अंतर्भागात, कॅमलूप्सच्या आसपासच्या डोंगरांवर. कॅनडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ आणि हिरवंगार येतं, कॅमलूप्स त्यातलं नाही. शहरात वर्षाला ३०० मिलिमीटरच्या आत पाऊस, म्हणजे आमच्या जळगावच्या निम्माही नाही, खाली पिवळं गवत, वर चढत गेलं की पॉन्डेरोसा पाइन आणि मग डग्लस फर. इथले मूळचे सेक्वेपेम लोक पूर्वी मुद्दाम हलक्या आगी लावून जंगल मोकळं ठेवायचे, नंतर सरकारने आगी बंद केल्या आणि मोठ्या झाडांखाली पोरांची दाटी झाली. म्हणजे एका जागी दोन-तीनशे वर्षांचं झाड, त्याच्याखाली माझ्या कमरेएवढं झाडूसारखं काहीतरी ज्याचं वय चाळीस निघू शकतं.

याच भागात २०१० साली केव्हिन बायलर, सुझान सिमार्ड वगैरेंचं एक काम प्रसिद्ध झालं होतं आणि आम्ही त्याच वाटेने चाललो होतो. त्यांनी ३० बाय ३० मीटरचा तुकडा घेतला, त्यातल्या डग्लस फरची मुळं आणि त्यावरच्या रायझोपोगॉन नावाच्या बुरशीच्या दोन जाती, व्हेसिक्युलोसस आणि विनीकलर, दोन्हींचे डीएनए काढले. प्रत्येक जातीचे १३-१४ जेनेट सापडले, एकेका जेनेटने १९ पर्यंत झाडं धरली होती, आणि सगळ्यात 'ओळखीपाळखीचं' झाड बुरशीमार्फत दुसऱ्या ४७ झाडांशी जोडलेलं निघालं. तुम्ही ती गोल टिंबं आणि रेघांची जाळी कुठे ना कुठे पाहिली असेल, झाडांच्या इंटरनेटबद्दल कोणीही बोललं की ते चित्र येतंच.

रायझोपोगॉनच का, याचं कारण एकदम व्यवहारी आहे. जंगलात मायकोरायझाच्या कितीतरी जाती असतात आणि बहुतेकांची मुळांची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्याशिवाय ओळखू येत नाहीत. या दोन जाती मात्र मुळावर गाठ करतात. ट्युबरकल म्हणतात त्याला. सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचा खडबडीत गोळा, राखाडी-तपकिरी, ओल्या मातीत खड्यासारखाच दिसतो, पण बोटात धरला की हलका लागतो आणि बाजूने बुरशीच्या दोऱ्या लोंबत असतात. नखाने फोडला की वर पातळ साल आणि आत मुळांची पांढुरकी टोकं गच्च भरलेली, बारीक फांद्या फुटलेली, प्रत्येकावर बुरशीचं आवरण. पहिला ट्युबरकल मी स्वतः शोधून फोडला तेव्हा लहान पोरासारखी ओरडले होते. दुसरा फायदा असा की हे वर येणाऱ्या अळंबीवर अवलंबून नाही. रायझोपोगॉनची फळं जमिनीखालीच असतात, खारी आणि उंदरांसारखे प्राणी वासावरून खणून खातात आणि विष्ठेतून बीजाणू पसरवतात, त्यामुळे वरून काही दिसण्याची वाट बघायची भानगडच नाही. आणि सगळ्यात भारी गोष्ट, एका ट्युबरकलमध्ये बुरशीही आहे आणि झाडाचं मूळही. एकाच नमुन्यातून दोघांची ओळखपत्रं मिळतात.

फील्डमध्ये पहिलं काम आखणीचं. जीपीएसचा इथे काही उपयोग नाही, झाडांखाली तो मीटर-मीटरने भरकटतो आणि आम्हाला वीतभर फरकही हवा होता, त्यामुळे लाकडी खुंट्या, सुतळी, मोजटेप आणि होकायंत्र, शेत मोजायला तलाठी-भूमापक येतात तसं. प्रत्येक झाडाला अ‍ॅल्युमिनियमचा बिल्ला, छातीइतक्या उंचीवर घेर, एका कोपऱ्यापासून एक्स-वाय अंतर. अगदी गुडघ्याएवढ्या रोपांनाही. मग प्रत्येक झाडाचा संदर्भासाठी डीएनए. लहान झाडांच्या सुया तोडायच्या, सोपं. मोठ्या झाडाची पहिली फांदी माझ्या चार माणसं वर, तर तिथे साल भेदून आतला जिवंत थर काढायचा, आणि डग्लस फरची साल म्हणजे आग लागली तरी आतलं झाड वाचावं अशी, बुचासारखी जाड, हातोडीने पंच मारून मारून मनगटं दुखायची.

मग खणणं. फावडं नाही, हातखुरपं आणि ब्रश. कधी कधी सुया-पाचोळ्याचा थर काढताच ट्युबरकल मिळायचा, कधी तासभर दगडच. व्हेसिक्युलोसस साधारणपणे जास्त खोल असतो आणि विनीकलर वरवर, म्हणजे तुम्ही कंटाळून वरचेवर खणलं तर नकाशात विनीकलरचंच राज्य दिसणार. म्हणून प्रत्येक खड्डा ठरलेल्या खोलीपर्यंत न्यायचाच, मन असो नसो. प्रत्येक ट्युबरकलची जागा आणि खोली लिहायची, छोट्या पिशवीत घालायचा, पिशवीवर नंबर, पिशवीच्या आत पेन्सिलने लिहिलेली कागदाची चिठ्ठी (मार्करची शाई ओल्याने उडते), आणि आइसबॉक्समध्ये. मोज्यांत कुसळं, केसांत सुया, कमरेला अस्वलासाठीचा स्प्रे. अस्वल दोनदा लांबून दिसलं, त्याला आमच्यात काडीचा रस नव्हता. खरा त्रास धुराचा. २०२१ चा उन्हाळा ज्यांना आठवत असेल त्यांना माहीत आहे, जून संपता संपता जवळच्या लिटन गावात ४९.६ अंश तापमान झालं आणि दुसऱ्या दिवशी ते गावच जळून गेलं. त्यानंतर कित्येक आठवडे सूर्य नारंगी गोळीसारखा, आणि आम्ही एन-९५ लावून खणतोय किंवा जंगल बंद म्हणून घरी बसलोय.

खणताना एक गोष्ट मनाला खात राहायची आणि ती पुढेपर्यंत राहिली. आम्ही ज्या जाळ्याचा नकाशा काढतोय तेच जाळं आम्ही खुरप्याने तोडतोय. ट्युबरकल उचलला की त्याला आलेल्या दोऱ्या तुटल्याच. म्हणजे हा धागा इथून त्या झाडापर्यंत अखंड जातो का हे बघायची सोय या पद्धतीत मुळातच नाही. सापडतं ते एवढंच की इथे अमुक जेनेट होता आणि तिथेही तोच होता.

लॅबमध्ये आल्यावर धुणं. चाळणीवर, थंड पाण्यात, चिमट्याने मातीचे कण उचलत. मग स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली साल बाजूला करून आतली काही टोकं घ्यायची, ताजी, घट्ट, भरलेली. सुरकुतलेली काळी टोकं घेतली की डीएनए येतच नाही. पुढे गोठवून मणी घालून कुटणं, मग डीएनए वेगळा काढायची रसायनं, सीटीएबी आणि क्लोरोफॉर्म, ज्याच्या वासाने दुपारपर्यंत डोकं चढायचं. मुळात टॅनिन वगैरे इतकं असतं की डीएनए निघाला तरी पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती करायची पायरी, अडते. तिथे आमच्या लॅबमधल्या टेक्निशियन बाईंनी शिकवलेला साधा उपाय चालायचा, नमुना दहापट पातळ कर. अडवणारं द्रव्यही पातळ होतं आणि डीएनए तरीही पुरतो. मी आधी वैतागून जास्त डीएनए घालत होते आणि पीसीआर जमल्याची खूण म्हणून जेलवर दिसणारी पट्टी आणखीच गायब व्हायची, त्या हसून म्हणाल्या कमी घाल गं, कमी घाल, म्हणजे इंग्रजीत म्हणाल्या पण सूर अगदी मावशीचा होता.

आता मार्करबद्दल. आम्ही वापरले मायक्रोसॅटेलाइट. डीएनएमध्ये काही जागा अशा असतात की जिथे दोन-तीन अक्षरं परत परत येतात, सीए सीए सीए सीए, आणि ती किती वेळा येतात हे प्रत्येकात वेगवेगळं असू शकतं. एकात बारा वेळा, दुसऱ्यात पंधरा वेळा. त्या जागेच्या दोन्ही बाजूंना प्राइमर, म्हणजे तिथेच चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे, लावून तो तुकडा पीसीआरने वाढवायचा आणि त्याची लांबी मोजायची. बुरशीचे प्राइमर बुरशीचंच उचलतात, डग्लस फरचे प्राइमर झाडाचंच, म्हणून एकाच ट्यूबमधल्या मिसळलेल्या डीएनएचं काही बिघडत नाही. प्राइमरला रंग लावलेला असतो, निळा, हिरवा, पिवळा, त्यामुळे तीन-चार जागा एकदम मोजता येतात, आणि मशीन केसाएवढ्या नळीतून तुकडे पळवून तुम्हाला स्क्रीनवर शेंडे दाखवतं. बुरशीच्या प्रत्येक पेशीत दोन केंद्रकं असतात, दोन्ही पालकांकडून एकेक, म्हणून एका जागी एक किंवा दोन शेंडे दिसायला हवेत. तीन दिसले तर समजायचं की एका गाठीत दोन बुरशी घुसल्यात किंवा कुठेतरी भेसळ झाली, तो नमुना बाजूला.

हे वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात शेंडा कधी एकटा येत नाही. पीसीआर करताना एन्झाइम त्या पुनरावृत्तीवर घसरतं, त्यामुळे मुख्य शेंड्याच्या डावीकडे दोन अक्षरं कमी असलेला एक बुटका शेंडा, त्याच्या डावीकडे आणखी बुटका, असा जिना तयार होतो. आता समजा १८४ वर, म्हणजे १८४ अक्षरांच्या लांबीवर, उंच शेंडा आहे आणि १८२ वर त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. हा जिना आहे की खरोखर दुसरी प्रत १८२ ची आहे? सॉफ्टवेअर बिनधास्त काहीतरी ठरवून टाकतं आणि त्यावर विश्वास ठेवला की एकाच बुरशीच्या तुम्ही दोन करून बसता. उलट बाजूही आहे, डीएनए कमी असला की दोनपैकी एक प्रत वाढतच नाही, शेंडा एकच दिसतो, तीच बुरशी परत 'वेगळी' वाटते. म्हणून आम्ही ठरावीक नमुने पहिल्यापासून, म्हणजे कुटण्यापासून, दोनदा केले आणि दोन जणांनी एकमेकांना न सांगता शेंडे वाचले. मला हा भाग सगळ्यात आवडला हे सांगितलं तर लोक विचित्र बघतात. पण खरंच, काही दिवसांनी प्रत्येक जागेचा स्वभाव कळायला लागतो, ही जागा नेहमी जिना करते, ही कधीच नाही, हिचा हिरवा रंग निळ्यात झिरपतो.

या दोन जातींचा आणखी एक ताप म्हणजे त्या दिसायला जुळ्या बहिणी. कितीतरी वर्षं सगळ्यांना विनीकलरच समजत होते, डीएनए बघितल्यावर वेगळ्या निघाल्या. एकीवरचे मार्कर दुसरीवर अर्धवट चालतात आणि ते 'अर्धवट'च धोकादायक, काहीच नाही आलं तर निदान कळतं तरी. म्हणून आधी प्रत्येक ट्युबरकलची जात पक्की करायची आणि मगच जेनेटच्या मागे लागायचं.

मग जुळणी. सगळ्या जागांवरचे आकडे एका ओळीत लिहिले की ती त्या बुरशीची ओळख. दोन ट्युबरकलची ओळ तंतोतंत जुळली तर तो एकच जेनेट, असं म्हणायच्या आधी हा योगायोग असायची शक्यता किती हे काढावं लागतं. समजा प्रत्येक जागेची जोडी दहांत एकाला असते, तर सहा जागा मिळून दहा लाखांत एक. ऐकायला झकास. पण एका डोंगरउतारावरच्या बुरशी एकमेकींच्या बहिणी, आत्या, मावशा असू शकतात, आणि नातलगांमध्ये जुळणी त्या हिशेबापेक्षा खूप सोपी होते. त्यामुळे जागा कमी असतील किंवा त्यांच्यात वैविध्य कमी असेल तर 'एक मोठी बुरशी' म्हणजे प्रत्यक्षात 'एकाच घराण्यातल्या चार' असू शकतात. एकाच जागेवर फरक असलेल्या जोड्यांवर आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद झाले. खरा फरक की वाचनातली चूक? परत पीसीआर करा, परत बघा, तरीही शंका असेल तर वेगळ्या धरा आणि तसं लिहून ठेवा.

झाडांच्या बाजूने गंमत वेगळीच होती. आपण धरून चालतो की ज्या झाडाच्या बुंध्याशी खणलं त्याचंच मूळ मिळणार. छे! पाच मीटर, दहा मीटर लांबच्या म्हाताऱ्या झाडाचं मूळ दुसऱ्याच्या अंगणात येऊन बसलेलं. काही मुळांची ओळख आमच्या एकाही बिल्लेवाल्या झाडाशी जुळली नाही, ती सीमेबाहेरच्या झाडांची. त्यात डग्लस फरची मुळं एकमेकांना कलमासारखी जुळतातही, तोडलेल्या झाडाचा बुंधा शेजाऱ्याच्या जिवावर वर्षानुवर्षं जिवंत राहतो, बुरशीचा काही संबंध नाही. म्हणजे दोन झाडं जोडलेली आहेत म्हटलं तर कशाने, हाही प्रश्न आहेच.

नकाशा पहिल्यांदा प्लॉट झाला तेव्हा मात्र सगळा थकवा गेला. प्रत्येक जेनेटला एक रंग. विनीकलरचे रंग छोट्या छोट्या पुंजक्यांत, व्हेसिक्युलोससचे लांबवर पसरलेले, एक रंग तर तुकड्याच्या जवळपास एका बाजूपासून मध्यापर्यंत. २०१० च्या कामात जे निघालं होतं तेच आमच्याकडेही, मोठी झाडं जास्त जेनेटांशी, आणि त्यांच्या खालची पोरं त्याच जेनेटांवर बसलेली. मी तो नकाशा घरच्या ग्रुपवर टाकला आणि चूक तिथेच झाली म्हणा, कारण मामांनी ताबडतोब एक फॉरवर्ड पाठवला, झाडं एकमेकांशी बोलतात, आई झाड आपल्या बाळांना दूध पाजतं, पुढे पाच नमस्काराचे हात. आईचा लगेच फोन, अगं मग तू हेच शोधलंस का? आणि मला नाही म्हणायला फार जड गेलं.

कारण मुळात नकाशा ते सांगतच नाही. त्यात दिसतं ते एवढं की या दोन मुळांवर एकच जेनेट आहे. मधला धागा आजही शाबूत आहे का, की बुरशी वीस वर्षांपूर्वी तिथपर्यंत पसरली आणि मधला भाग कधीच मेला, हे ओळखपत्रावरून कळत नाही, तुटलेल्या तुकड्यांचा डीएनए सारखाच. आणि धागा शाबूत असला तरी त्यातून काही वाहतं का, कुठल्या दिशेने, झाडाला पुरेल इतकं का, हे तर पूर्णपणे वेगळे प्रयोग. सिमार्डनी १९९७ मध्ये कार्बनचे समस्थानिक वापरून बर्च आणि डग्लस फरमध्ये कार्बनची देवाणघेवाण दाखवली होती आणि ते काम महत्त्वाचं आहेच. पण २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी आत्तापर्यंतचे सगळे फील्डमधले पुरावे एकत्र तपासले आणि स्पष्ट लिहिलं की ही जाळी सगळीकडे असतात, त्यातून रोपांना फायदा होतो, आणि मोठी झाडं आपल्याच पिल्लांना निवडून मदत करतात, या तिन्ही दाव्यांना जंगलातला पुरावा पुरेसा नाही. तोपर्यंत जगभरात डीएनएने असं जाळं नीट मॅप झालं होतं ते फक्त दोन जातींच्या झाडांमध्ये. आणि यातल्या जोन्सबाई काही बाहेरून दगड मारणाऱ्या नाहीत, याच भागात वर्षानुवर्षं मायकोरायझावर काम केलेल्या. तो पेपर आला तेव्हा आमच्याकडे दोन दिवस चहाच्या वेळी दुसरा विषय नव्हता, काही जण दुखावले, मला मात्र सुटल्यासारखं वाटलं, खुरप्याने दोऱ्या तोडताना जे टोचत होतं ते कोणीतरी नीट मांडलं होतं.

आपल्याकडच्या कोणी हे करावं का असं मला विचारतात, तर हो, पण ही पद्धत उचलून सह्याद्रीत नेता येणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक झाडांच्या मुळांत वेगळ्या प्रकारची मायकोरायझा असते, धागे मुळाच्या पेशीत शिरतात, बाहेर गाठ नाही, धाग्यांत मध्ये भिंती नसल्याने एकाच पेशीत शेकडो केंद्रकं, तिथे 'एक बुरशी कोणती' हाच प्रश्न आणखी अवघड होतो. दक्षिणेकडे डिप्टेरोकार्प कुळातली झाडं आहेत तिथे करण्यासारखं आहे. आणि कोकणात-गोव्यात पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी, जिच्यासाठी लोक पहाटे जागा लपवत फिरतात, तिला वाळवी पाळते, तर एका वारुळात एकच जेनेट आहे का आणि शेजारच्या वारुळात तोच आहे का, हे मायक्रोसॅटेलाइटने बघायला मला स्वतःला फार आवडेल. खणायला परवानगी आणि वाळवीचे चावे, दोन्हींची तयारी हवी.

थिसिसच्या शेवटच्या टप्प्यात मुख्य वाद झाला तो आकृती तीनवर. गाईडचं म्हणणं, एकाच रंगाचे ठिपके रेघांनी जोडून टाक, वाचणाऱ्याला जाळं दिसलं पाहिजे, सगळे तसंच करतात. माझं म्हणणं, रेघ काढली की लोक तिला धागाच समजणार, आणि धागा मी बघितलेला नाही. शिवाय जिथे आम्ही खणलंच नाही, जिथे खडक लागला, ती जागा नकाशात रिकामी दिसते आणि रिकामी म्हणजे बुरशी नाही असं वाटतं. मिशिगनच्या १५ हेक्टरचे ३७ असेच तर झाले, खणत गेलं तेव्हा. बराच वेळ घासाघीस झाल्यावर तोडगा निघाला: मुख्य आकृतीत फक्त ठिपके, प्रत्येक खड्ड्याची जागा पोकळ गोलाने दाखवलेली, काही मिळालं असो वा नसो, आणि खडकाचे भाग राखाडी. रेघांची जाळी परिशिष्टात, खाली ठळक अक्षरांत वाक्य की रेघ म्हणजे समान जेनोटाइप (डीएनएची ओळख), प्रत्यक्ष जोडणी नव्हे. तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी पहिल्यांदा परिशिष्टच उघडलं आणि विचारलं, ही आकृती पुढे का नाही घेतली, किती सुंदर दिसतेय.